बियांची कुंडी

जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या शेजारी एका शेठजींचं बियाण्यांचं दुकान होतं. मागच्या पडवीत जाळीच्या खोक्यात त्यांनी सरड्यांची जोडी पाळली होती. मादीनं अंडी घातली, ती त्यांनी ओलसर मातीच्या कुंडीत पुरली. त्यांच्या जैन घरात अंडं हा शब्दसुद्धा चालत नसे, म्हणून ते "बी" म्हणायचे. आमच्याकडे कोंबड्या, त्यामुळे रोज शर्टाचं बटण पिळत मला विचारायचे, "ताई, बी गार तर पडणार नाही ना?"

"शेठ, कोंबडीचं विचारा. सरड्याचं मला काय ठाऊक?"

एका सकाळी ते मला धावतच बोलवायला आले. कुंडीत चिखल झाला होता आणि शेजारी त्यांची आई तांब्या घेऊन उभी होती. "बी लावलंय म्हणालास, म्हणून कालपासून पाणी घालतेय."

ते घाम पुसत म्हणाले, "आई, अंडी आहेत ती. सरड्याची."

आता म्हातारी घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. तिनं तांब्या ठेवला आणि हातानंच चिखल उपसायला लागली. "जीव आहेत हे आधी सांगायचं ना रे! माझ्या हातानं बुडवलंस त्यांना."

मी एक अंडं पुसून उजेडाला धरलं. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. आत काहीतरी हललं, की माझाच हात हलला, ते मला सांगता येईना.