व्याह्यांनी टाचलेला टॉवेल

स्वतःच्या मानेची एवढी बडदास्त ठेवणारा माणूस आख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्याच वाट्याला व्याही म्हणून आला. माझ्या सुनेचे वडील, केडगावला राहतात. सुप्याच्या कारखान्यात मशीनवर वाकून वाकून त्यांची मान आखडली, हातात कळा उतरायला लागल्या. व्यायाम शिकवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना बरं केलं, आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. कारण तेव्हापासून व्याही कुठंही जावोत, अगदी दहाव्याला गेले तरी, पिशवीत स्वतःची उशी. दर तासाला असतील तिथं भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची, दहा वेळा. एका लग्नात असेच तोंड आवळून उभे होते, तर मुलीचा मामा पाव्हणे रुसले समजून हात जोडत आला. हे समोर बघतच म्हणाले, "रुसलो न्हाई, मामा. तीन ऱ्हायल्यात."

माझा उजवा हात तेव्हा मुंग्या येऊन जड पडायचा. मी दोन जाड उशा घेऊन झोपणारा. व्याह्यांनी ते पाहिलं आणि सुतळीनं माझ्या मानेचं माप घेतलं. "पाव्हणं, मान मोडून झोपता तुमी. धार काढायचा हात जाईल अशानं." मी चौथी नापास, पण जन्मभर गाईंची धार काढलेली. चारचौघांत बोललो, "मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला झोपायचं शिकवायचं व्हय?" ते नुसते हसले. पुढच्या खेपेला नवा टॉवेल घेऊन आले, मापात गुंडाळून स्वतःच्या हातानं टाचलेला. हा मानेखाली घ्या, कुशीवर वळलात तर दुखरा हात उशीवर ठेवा, म्हणाले.

आमच्याकडं आहेरात आलेला टॉवेल कोणी वापरत नाही, पुढच्या लग्नात पुढं सरकवतात. मी हाही त्यातच धरला. टाके उसवले, घडी घातली आणि भावकीतल्या लग्नात नवरदेवाच्या चुलत्याच्या खांद्यावर टाकला. व्याही तिथंच होते. जवळ आले, दोऱ्याच्या भोकांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "कापड चांगलं हाय." त्या दिवशी ते भिंतीला काही उभे राहिले नाहीत.

यंदा भरली बादली हातातून सुटली, तेव्हा मी निमूट नगरला त्याच बाईंकडं गेलो. तोच व्यायाम, तसंच झोपणं. बाई म्हणतात, दुखणं हटेल, पण बोटांतलं बळ किती येईल ते सांगता येत नाही; आधी यायला हवं होतं. सुनेला बजावलंय, वडिलांना कळवू नको.

रविवारी व्याह्यांचा फोन येतो. पाऊस, दूध, नातवाची शाळा, सगळं विचारतात. मानेचं तेवढं विचारत नाहीत. परवा म्हणाले, "आवाज कसला येतोय?"

"सूनबाई धार काढतीया."

मग हळूच म्हणाले, "काढती न्हवं नीट?"

"लई नीट," मी म्हणालो.