लोकअदालतीत दिलेलं कारण

गाडी अक्काच्या नावावर होती, म्हणून दंडाचा मेसेज तिच्या मोबाइलवर आला. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. मेहुणे गेल्यावर गाडी तिच्या नावावर झाली, पण तिला चालवता येत नाही. मुक्ताईनगरजवळच्या तिच्या गावात गाडी अंगणात उभी असायची आणि टपावर कोंबड्या बसायच्या. आई तेव्हा अक्काकडेच होती. तीच एकदा म्हणाली, "गाडी भाऊले देऊन टाक. म्हनजे त्याचं येनं-जानं होईन." मी धुळ्याला देवपुरात राहतो, कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला आहे. गाडी मला मिळाली ती येण्या-जाण्यासाठी. हे आधीच सांगून ठेवतो.

पुढे आईची एक बाजू लुळी पडली. अक्का तिला भरवायची, उलटायची, धुवायची. मी रविवारी जायचो, पायथ्याशी खुर्ची टाकून बसायचो आणि मोबाइल बघायचो. येणं उशिरा व्हायला लागलं. निघणं मात्र वेळेवर.

त्या रविवारी आईने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. डॉक्टर सकाळीच सांगून गेला होता, आता काही खरं नाही. आई म्हणाली, "आजची रात र्‍हाय ना रे. सकायी जाय."

मी म्हणालो, उद्या कॉलेजात तपासणीची माणसं येणार आहेत, चाव्या माझ्याकडे आहेत. तपासणी नव्हती. त्या खोलीत फिनाइलचा, औषधांचा आणि त्याखाली आणखी एक वास होता. तो मला कपड्यांत घेऊन झोपायचं नव्हतं. कारण एवढंच. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

मनगट तिने आपणहून सोडलं. अक्का दारात उभी होती. ती आत जाऊन आईची चादर नीट करायला लागली.

एरंडोल सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. काचा खाली करून मी गाडी हाणली. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. पारोळ्याच्या पुढे एका धाब्यावर थांबून शेवभाजी खाल्ली, अगदी सावकाश. दुसऱ्यांदा कांदा मागून घेतला. एवढ्या घाईने आलो कशाला, हे तिथेसुद्धा मनात आलं नाही.

पहाटे अक्काचा फोन आला. "माय गेली. सावकाश ये," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे कोणी गेलं की माणसं दारावर येतात. बाप्ये बाहेर सतरंजीवर बसतात, बाया आत. प्रत्येक खेप तेच विचारते आणि घरच्याने तेच सांगायचं असतं: कसं झालं, कोण जवळ होतं, पाणी कोणी पाजलं. एक खेप उठते, दुसरी येते, पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून दुःख बोथट होत असेल. माझं मात्र खोटं त्यावर घासून धारदार झालं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, निरोप आला तसा निघालो. दुसऱ्या दिवशी निरोप मध्यरात्री आला. तिसऱ्या दिवशी मी गाडी अशी पळवली होती की आडवं काही आलं असतं तर मीही आईच्या मागे गेलो असतो. आतल्या बायांत अक्का बसलेली असायची. मधल्या दाराला नुसता पडदा होता.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी तो मेसेज आला. अक्काला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिने मोबाइल चुलतभावाकडे दिला. त्याने मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. वेगमर्यादा ओलांडली, एरंडोल-पारोळा रस्ता, सोबत गाडीचा फोटो.

"घ्या," चुलतभाऊ म्हणाला, "पोरगं मायसाठी कसं पळालं पाहा. सरकारनं बी फोटो काढून ठेवला."

एक म्हातारे आबा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असा लेक पाहिजे." मी मान खाली घातली. तिथे मान खाली घालण्याचा अर्थ वेगळा लागतो.

तारीख आई गेली त्याच्या आदल्या दिवसाची होती आणि वेळ संध्याकाळची. कोणी पाहिलं नाही. अक्काने मोबाइल परत घेतला, चष्मा लावला. आकडे तिला वाचता येतात. बराच वेळ पाहून ती पंगतीचं बघायला निघून गेली.

दंड मला घरबसल्या भरता आला असता. पण त्यासाठी अक्काकडे तो मेसेज मागावा लागला असता. मी मागितला नाही, तिने पाठवला नाही. शेवटी प्रकरण जळगावच्या लोकअदालतीत गेलं आणि तिचा फोन आला. "मले बोलावलं हाये. गाडी घेऊन तूबी ये."

कोर्टाच्या व्हरांड्यात रांग लागली होती. अक्का इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी छातीशी धरून उभी होती. तिच्या घरातलं कोणी आजवर कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. मला एकच भीती होती, ती आत काय सांगेल. सारखं वाटत होतं, आपणच आधी बोलावं, इथेच, रांगेत. मी तिला विचारलं, चहा घेतेस का. ती नको म्हणाली.

आमच्या पुढे केळीचा ट्रक चालवणारा एक जाडजूड माणूस होता. आत टेबलामागे एक निवृत्त न्यायाधीश बाई आणि शेजारी एक तरुण वकील बसले होते. बाईंनी त्याला विचारलं, "एवढी घाई कशाची होती?"

"मॅडम, दिल्लीचा माल होता. केळी काय माझ्यासाठी हिरवी राहते का?"

"आणि रस्त्यात कोणी मेलं असतं म्हणजे?"

"चूक आहे मॅडम. बायको बी हेच म्हणते."

"मग तिचं ऐकत जा," बाई म्हणाल्या. वकील हसला. दंड बराच कमी झाला. तो वळला आणि मला म्हणाला, "खरं सांगून टाका भाऊ. चांगल्या आहेत बाई."

मग आम्ही.

"गाडी तुमची ना ताई? कोण चालवत होतं?"

"भाऊ," अक्का म्हणाली.

"का पळवत होता एवढी?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत असल्यासारखं. "त्यालेच विचारा," ती म्हणाली.

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. दंड तेवढाच कमी झाला असता, ते मी आत्ताच पाहिलं होतं. तरी तोंडातून सवयीचंच निघालं.

"आई सिरियस होती."

बाईंचा पेन थांबला. "आता कशा आहेत?"

"गेल्या."

"भेट झाली का?"

मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, मला आठवत नाही. मागे रांगेत कोणीतरी म्हणालं, "मायसाठी कोन नाही पळवनार." बाईंनी दंड कमी करून दिला आणि हळू म्हणाल्या, "सांभाळून चालवत जा. आई गेली, आता बहिणीला तुम्हीच आहात."

पैसे भरून बाहेर आलो. झाडाखाली गाडी उभी होती. अक्का तिच्यापासून थोडी लांबच थांबली.

"मायनं त्या राती सारखं विचारलं," ती म्हणाली. "भाऊ गेला का, भाऊ गेला का. मी सांगितलं, वसरीत निजेल हाये, थकला हाये, उठवू का? ती म्हने, निजू दे त्याले. शेवटपावतर तेच. निजू दे त्याले."

मला वाटलं, ती रडेल. तिचे डोळे कोरडे होते.

"मी खोटं बोलली ते तिच्यासाठी बोलली," ती म्हणाली. "तू आज कोनासाठी बोलला?"

मी खिशातून गाडीची चावी काढली.

"चाबी दे."

"अक्का, तुला चालवता येत नाही."

"मले माहीत हाये."

मी चावी तिच्या हातावर ठेवली. तिने ती पिशवीत टाकली. गाडी तिथेच झाडाखाली राहिली. नंतर अक्काच्या गावातल्या कोणीतरी नेली. आम्ही एकाच रिक्षाने बसस्टँडवर गेलो. तिने मुक्ताईनगरची बस धरली, मी धुळ्याची. ऑफिसात कोणी विचारलं तर सांगतो, गाडी विकली.

वर्षश्राद्धाला बसने गेलो. गाडी अंगणात होती, टपावर कोंबड्या. अक्काने नेहमीसारखं जेवायला वाढलं, वरणावर तूप घातलं. माणसं पांगली, ऊन उतरलं. आईची खोली रिकामी होती, धुतलेली होती, तिच्यात आता कसलाच वास नव्हता. मी ओसरीत बसून राहिलो. शेवटी म्हणालो, "आजची रात राहतो म्हणतो."

अक्का भांडी गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कशाले," ती म्हणाली. "अजून यष्टी हाये."