अप्पांचा गुडघा

आमच्या अप्पांचा उजवा गुडघा वाकत नसे. लढाईत त्यात गोळी घुसली, फौजेच्या दवाखान्यात पाय वाचला, पण ताठच राहिला. त्याच पायावर माझ्या बापाने कुंभारी गावातलं चार एकर माळरान फोडलं आणि संध्याकाळी चादरीच्या कारखान्यात राखणदारी केली. बसून खाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवायचेसुद्धा फौजेच्या ट्रंकेवर टेकून, पाय पुढे ताठ ठेवून.

रोज सकाळी मी त्या गुडघ्याला करडईचं तेल चोळायची. सत्तरी उलटल्यावर एकदा म्हणाले, "मला बसवताना ह्या पायाचं काय करणार गं?"

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि माती देतात. अप्पांनी कुणाच्या तरी मातीला पाहिलं होतं, ताठरलेल्या पायावर दोघांनी जोर दिला आणि हाड वाजलं. गोळ्यांना न भ्यालेला माणूस त्या आवाजाला भ्याला होता.

"माजा मोडायचा न्हाय. शबुद दे."

मी दिला. विषय एकदाचा संपावा म्हणून घाईत दिला.

संपतोय कुठला! दुसऱ्याच दिवशी त्यांनी बांधाकडेला खड्डा खणायला घेतला. चौकोनी, आणि पाय लांब करायला पुढे एक चर. "खंदक अंगाच्या मापाचा पायजे," म्हणायचे. आईने कपाळ बडवून घेतलं, गावाने तोंडात बोटं घातली. हट्टाला पेटलेल्या फौजीपुढे बोलायची कुणाची टाप?

दर अमावास्येला खड्ड्यावर झाकलेला पत्रा सरकवून ते आत उतरायचे आणि माप बघायचे. भर दुपारी मी भाकरी घेऊन जायची तेव्हा शेतात चिटपाखरू नसायचं. हाक मारली की पायाखालून आवाज यायचा, "हितंच हाय की." वाकून बघावं तर डोळे मिटलेले, कपाळाला विभूती, तळहात उघडा. डोक्यावर ऊन असून माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा तर तीन हाका मारल्या तरी ओ आली नाही. मग डोळे न उघडताच म्हणाले, "आत ऐकू येतंय का बघत व्हतो."

मी भाकरी तिथंच आपटली आणि रडत घरी आले.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी अर्धा चहा कपात ठेवून अप्पा गेले. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. दुपारी त्यांना खड्ड्यात उतरवताना भावकीतले एक काका म्हणाले, "पाय वाईच दाबा की, मांडी नीट दिसंल."

"हात लावाल तर बघा," मी ओरडले. पाय चरात सोडायला मीच खाली उतरले आणि रोजच्यासारखा गुडघ्याखाली हात घातला.

गुडघा वाकला.

जोर लावला नव्हता, कसला आवाजही झाला नाही. पंगतीला बसावं तशी अप्पांनी मांडी घातली. "जित्ते हायत!" मी किंचाळले. डॉक्टरांना परत आणलं. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मान हलवली. असं कधीकधी होतं, म्हणाले. विधी करायला आलेल्या स्वामींना तर मांडी नीट बसली याचं समाधान वाटलं.

मग बेल पडला, विभूती पडली. माझ्या ओंजळीत माती दिली आणि माझे हात उघडेचनात.

"टाक अक्का," भाऊ म्हणाला.

मी टाकली. पोरीने शब्द पाळला म्हणून लोक अजून कौतुक करतात. मला मात्र वाटतं, मी बसवलेल्या नव्हे, आपणहून बसलेल्या बापावर माती लोटली. हे घरात कुणालाही सांगितलेलं नाही.