पात्याला लागलेली माती

दिवसभर उकिडवं बसून खुरपं चालवायचं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. "बागकामात मन कसं रमतं नाही!" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. रमतंय कुठलं! माझे गुडघे गेले त्या बागकामात.

माझं खुरपं आईचं. नामांतराच्या पहिल्या दंगलीत आमची वस्ती जळाली, तेव्हा राखेतून ते निघालं. मूठ जळून गेलेली, पातं काळंठिक्कर. आगीनं पात्याचं पाणी उतरलं होतं. मानवतच्या लोहारानं ते तापवून परत पाणी दिलं, बाभळीची मूठ ठोकली. तेच घेऊन मी तिथल्या सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर लागले. सरकारनं हिरव्या मुठींची नवी खुरपी आणून ठेवली होती, पण एकीनंही ती वापरली नाहीत. जिची मूठ तिच्याच हाताला बसते. साहेब तपासायला आले की हिरवी खुरपी पुढं मांडायची, त्यांची जीप फाटकाबाहेर गेली की आपापली काढायची.

आम्हा बायकांच्या वाट्याला निंदणं आणि पिशव्यांत माती भरणं. सावलीतलं असं एकच काम होतं, मोसंबीचे डोळे भरायचं. चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, जंगली रोपाच्या खोडाला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. हे काम थोरले माळी करायचे. आम्ही सगळ्या त्यांना मामा म्हणायचो. चाकू त्यांचा स्वतःचा, शिंगाच्या मुठीचा, वीतभरही नसेल. कुणाला हात लावू देत नसत. मला तो चाकू पाहिजे होता. कलाबिला काही नाही, खरं सांगते, डोळे भरणाऱ्याला बसायला स्टूल मिळायचं म्हणून.

एका थंडीत मामांना मोतीबिंदूनं नीट दिसेना. ऑपरेशनला तर ते लय भ्यायचे. साहेबांनी सांगितलं, कुणाला तरी शिकवा. मामांनी मला बोलावलं.

"तुजा हात हलका हाय," म्हणाले. "एक ध्यानात ठिव. पात्याला माती लागू द्यायची न्हाई. माती लागली की डोळा कुजलाच म्हून समज."

आणि एवढं सांगून त्यांनी तो चाकू आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला. मातीत. मी हात पुढं केलेला तसाच राहिला.

मी चाकू उचलला, पदरानं पुसला, कामाला लागले. मामांना चीर तपासायची असली की मीही तो खाली ठेवायचा, त्यांनी उचलायचा, बघून झालं की परत खाली. दिवसातून पन्नास वेळा. हे काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण गरजवंताला अक्कल नसते. स्टूल हातचं जाईल म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर निम्म्याच्या वर डोळे काळे पडलेले. साहेब वाकून बघत म्हणाले, "हे बाईमाणसाचं काम नाही. अजून एक वाफा बघू, नाहीतर हिला परत निंदायला लावा." मामा शेजारीच उभे होते. सोडलेल्या पट्ट्या गोळा करत राहिले.

साहेब गेल्यावर मात्र माझा तोल सुटला. "मामा, माती लागली की डोळा कुजतो म्हणता, आन मला देताना चाकू मातीतच ठिवता! मग कुजल्याला डोळा माज्या नावावर कसा?"

मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "लोखंड हातात दिऊ न्हाई, बाई. भांडान होतंय."

"आता काय करायलोत मग आपून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मधे एरंडाचं एक मोठं पान अंथरलेलं, आणि पानावर चाकू. मला हसू आलं आणि संतापही आला. त्याच दुपारी मामांची सून भाकरी घेऊन आली. मामांना सुतळी कापायची होती. सुनेनं कमरेचा विळा काढून सरळ त्यांच्या हातात दिला, त्यांनी घेतला, सुतळी कापली, तिच्या हातात परत दिला. विळाही लोखंडाचाच होता की! मी बघायलेय, हे त्यांना दिसलं नाही.

त्या वाफ्यातले डोळे फुटले. बारीक हिरवे कोंब आले. स्टूल माझं झालं.

पुढं चार थंड्या तसंच चाललं. सकाळी पानावरून चाकू उचलायचा, संध्याकाळी पानावर ठेवायचा. पान वाळलं की मामा नवं तोडून आणायचे. तरी पानावर उडालेली माती पात्याला लागायचीच, ती मी रोज हौदावर धुवायचे. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं, मामा, आता बास करा. पण दिवसभराच्या कामानं इतकी बेजार व्हायचे की भांडायला अंगात त्राण लागतं, ते कुठून आणू?

नामांतर झालं त्या थंडीत मामांचं काम थांबलं. वस्तीत आदल्या आठवड्यात दिवे लागले होते, मी पण दोन लावले होते. त्या शेवटच्या दिवशी मामा चाचपडत माझ्या स्टुलापाशी आले. त्यांना आता पान दिसत नव्हतं, जमीनही दिसत नव्हती. खिशातून चाकू काढला आणि मूठ माझ्याकडं करून हात पुढं केला.

"घे. तुलाच ऱ्हाऊ दे."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ठिवा खाली, मामा. लोखंड हातात दिऊ न्हाई."

ते तसेच उभे राहिले. हात त्यांनी खाली नेला नाही. चार वर्षं मी मनातल्या मनात हाच क्षण रचला होता, आणि आता तो पुढ्यात आला तर जिंकायची हौसच उरली नव्हती. वाफ्यात निम्मी रोपं तशीच पडली होती. मी हात पुढं केला आणि चाकू घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. गार होती.

मामा गेल्यावर मी हौदावर गेले आणि रोजच्यासारखं पातं धुवायला लागले. धुता धुता ध्यानात आलं, आज माती लागलीच नव्हती. मग मला रडू फुटलं. मायेनं नाही, रागानं.