आधी बहिणींचं

हायम आवासकर म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली. तेलाचे भाव पडलेले, आखातात अझैब्यातल्या एसी डक्टच्या वर्कशॉपने निम्मी माणसं घरी बसवली. अर्बाबने, म्हणजे मालकाने, हायमलाही खलास म्हणून सांगितलं. उभी हयात पत्रे कापण्यात गेली, आणि पदरात काय, तर दोन बहिणींची शिक्षणं, दोन बहिणींची लग्नं आणि रेवदंड्याला भाड्याची एक खोली.

धाकटी बहीण लेया त्याच शहरात मदिनत सुलतान काबूस या वस्तीत राहायची, शाळेत गणित शिकवायची. भाऊ त्या खोलीत एकटा जाऊन पडणार, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. तो जाण्याआधी तिने घरी मलिदा ठेवला. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं आणि आभार मानायचे, ही बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची रीत.

"नोकरी गेली म्हणून मलिदा?" हायम म्हणाला.

"तू होतास म्हणून," लेया म्हणाली. "आता मुकाट्याने बस."

शेजारचे रत्नागिरीचे रशीदभाई आणि खुदेजाभाभी आले. मलिदा त्यांना नवा नव्हता, त्यांच्याकडे तो गव्हाचा होतो एवढंच. भाभींनी तिथल्याच खाबुरा गावचा ताजा खजूर आणला होता. सगळे पोटभर जेवले, रशीदभाईंनी हायमला कडकडून मिठी मारली आणि दोघं घरी गेले.

मग लेयाने ठाण्याच्या आपल्या फ्लॅटची किल्ली पुढे केली. रिकामाच पडलाय, तिथे राहा म्हणाली. झालं! भाऊ ताडकन उठला.

"बहिणीच्या जिवावर राहू? बाबा गेले तेव्हा सिनेगॉगमधल्या काकांनी मला आपल्या रब्बींचा कायदा सांगितला. बापामागे थोडंच उरलं असेल तर ते मुलींच्या पोटाला, मुलांनी दारोदार मागून खावं. मागे उरला होता एक तेलाचा घाणा. म्हणून कॉलेज सोडून इथे आलो मी."

हे पालुपद लेयाने लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणूनच गेल्या सुट्टीत ठाण्याला तिने एका जाणत्या माणसाला विचारून घेतलं होतं.

"भाऊ, तू अर्धंच ऐकलंस. तो कायदा बापाच्या मालमत्तेपुरता आहे. घाण्याचे पैसे वर्षभरात संपले, तिथेच तुझं बंधन संपलं. भावाने स्वतःच्या कमाईतून द्यावं असं त्यात कुठेच नाही."

हायम मटकन खाली बसला. उगीच बोलले, असं लेयाला वाटून गेलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या समजुतीवर..."

"चुकलास, आणि आमचं भलं झालं." लेया म्हणाली. "मला वाटायचं, शास्त्र सांगतं म्हणून तू देतोस. कुणी सांगितलंच नव्हतं रे. माझी पुस्तकं, दिनाताईचं लग्न, सगळं तू आपल्या मनाने केलंस. आता ऐक. शास्त्राप्रमाणे मुलाने दारोदार जायचं ना? मग पहिलं दार माझं."

पत्रे कापून चिरा पडलेल्या आपल्या तळव्यांकडे भाऊने बघितलं. मग त्यातला एक हात त्याने हळूच तिच्यापुढे केला.

"दे," तो म्हणाला.