उशिरा आलेलं ‘व्हय महाराजा’

देवाशी माझी ओळख होती, पण ती नकलेपुरती. तालुक्याच्या शाळेत होतो तेव्हापासून मी हेडमास्तरांची, एसटीच्या कंडक्टरची, शेजारच्या काकूंच्या म्हशीची, कुणाचीही नक्कल करायचो. पण सगळ्यात जास्त हशा मिळायचा तो आमच्या गुरवाच्या गाऱ्हाण्याला. आमच्या कोकणात देवळात गुरव सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यांदा साकडं घालतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. आमचा गुरव अर्धे डोळे मिटून, नाकातून सूर लावायचा. तो सूर मी असा उचलला होता की एकदा खुद्द त्याची बायको फसली होती. आता असं सोंग करणाऱ्याला देव ऐकतो की नाही हा प्रश्न कशाला पडेल? कधी पडलाच, तर वाटायचं, ऐकत असेल तर पहिली कानफटात मलाच बसणार.

मुंबईला घाटकोपरच्या भटवाडीत दादा-वहिनीकडे राहायला आलो तेव्हा हे सोंगही सोबत आलं. दादाची गिरणी संपात गेली होती आणि तो एका मंडपवाल्याची मॅटॅडोर चालवायचा. त्याची दोन पोरं, सहा वर्षांचा पप्या आणि चार वर्षांची मिनू. रोज जेवायच्या आधी मी पाटावर उभा राहायचो आणि सुरू करायचो, “बा देवा महाराजा, आज वैनीन केलेली आमटी खारट झाली हा, ती गोड मानून घे रे महाराजा.” पप्या लगेच ओरडायचा, “व्हय महाराजा.” मिनूचं मात्र नेहमी मागून यायचं. सगळ्यांचं म्हणून झालं, हसून झालं, घास तोंडात गेला, की मग ती एकटीच लांब सूर लावून म्हणायची, “व्हय म्हाराजाऽऽ.” दादा म्हणायचा, “आमची ही पॅसेंजर कायम लेट.” मी तिला खूप शिकवलं, की अगं माझं संपलं की लगेच म्हणायचं. ती मान हलवायची आणि परत उशिराच म्हणायची.

ही मिनू सातव्या महिन्यात झालेली. तळहाताएवढी होती, जगेल असं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा वहिनीनं गावच्या देवाला नवस बोलला होता की पोरगी जगली तर शिमग्याला तिला तिच्या स्वतःच्या पायांनी पालखीखालून चालवीन. पोरगी जगली, चालायला लागली, पळायला लागली, पण नवस तसाच राहिला. कधी संप, कधी आजारपण, कधी दादाला रजा नाही. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे दादाचं वाक्य इतकं पाठ झालं होतं की त्याचीही मी नक्कल करायचो.

त्या वर्षी शिमग्याच्या दिवसांत एका संध्याकाळी दादा मॅटॅडोर घेऊनच घरी आला. म्हणाला, “दोन-तीन दिवस ऑर्डर नाही. मालक बोलला, गाडी तुझ्याकडेच ठेव, कुठं जायचं तर जा.” तो हे सहज बोलला होता. वहिनी भाकऱ्या थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “मग चला.”

“कुठं?”

“गावी. परवापासून पालखी घरोघरी यायला लागेल.”

“अगं, असं एकदम? काही तयारी नको?”

“चार वर्षं तयारीच चालली आहे,” वहिनी म्हणाली आणि उरलेलं सगळं पीठ परातीत ओतलं, वाटेत खायला. झालं, पुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

पहाटे निघालो. मागे मंडपाच्या दोन कनाती होत्या, त्यांवर पोरांना झोपवलं. चेंबूर मागे पडलं, देवनार आलं, आणि खाडीपुलाच्या अलीकडे वाट लागली. पुढे काहीतरी बंद पडलं होतं आणि शिमग्याला निघालेल्या सगळ्या गाड्या एकामागे एक उभ्या. एसट्या, ट्रक, टॅक्सी, मध्येच कत्तलखान्याकडे निघालेले बकऱ्यांचे ट्रक. त्यात देवनारच्या कचऱ्याचा धूर. पहाटेच्या गारव्यात तो वर जात नाही, जमिनीलगत सरपटतो. बघता बघता तो रस्त्यावर आला आणि आमच्या पुढची गाडीसुद्धा दिसेनाशी झाली.

दादा पुढे काय झालंय बघायला उतरला. पप्याला शू आली म्हणून वहिनी त्याला घेऊन कडेला गेली. मिनू झोपली होती. धूर आत यायला लागला म्हणून मी एकेक काच सरकवून बंद केली, आणि मागे वळलो तर कनातींवर मिनू नव्हती. दुसऱ्या बाजूचं दार उघडं होतं.

पहिल्यांदा वाटलं इथंच असेल. गाडीखाली बघितलं, मागे बघितलं. मग मी ओरडायला लागलो. वहिनी धावत आली, दादा आला. तिघंही ‘मिनू, मिनू’ करत होतो, पण सगळीकडे इंजिनं घरघरत होती, भोंगे वाजत होते, आणि चार पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. तेवढ्यात पुढून कुणीतरी ओरडलं, “निघाली रे, गाडी निघाली.” पुढचा अडथळा दूर झाला होता. आता या सगळ्या गाड्या हलणार होत्या, आणि माझी चार वर्षांची पुतणी त्यांच्या चाकांमध्ये कुठंतरी होती.

वहिनी रडली नाही. ती समोर दिसला त्या ट्रकपुढे हात पसरून उभी राहिली. “माझी पोर मिळेपर्यंत एक चाक हलणार नाही.” तो ट्रक थांबला, पण बाजूच्यांना ती दिसतसुद्धा नव्हती. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊजी, गाऱ्हाणं घाला.”

मी दादाकडे वळलो.

“सोंग नको. खरं घाला. मोठ्यांदा.”

मी मॅटॅडोरच्या टपावर चढलो. तोंड उघडलं तर गुरवाचा तो नाकातला सूर येईचना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हरवला होता. आला तो माझा स्वतःचा आवाज, फाटका, धुरानं खरखरलेला. “बा देवा महाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा, तुझा चेडू तुझ्याच पायाकडे येवक निघाला, ता ह्या धुरात चुकला हा रे महाराजा.”

खालून दादा आणि वहिनी म्हणाले, “व्हय महाराजा.” पप्या रडत रडत म्हणाला. आणि मग धुरातून, मागच्या एसटीतून, दहा-बारा गळ्यांतून आलं, “व्हय महाराजा.” कोकणातल्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं आणि तो गप्प राहिला असं होत नाही. कोण घालतंय, कशासाठी, हे तो नंतर विचारतो.

“तेच्या केसाक धक्को लागू देव नको. खय असात थयसून सुखरूप आणून आमच्या पदरात घाल रे महाराजा.”

“व्हय महाराजा.” या वेळी पुढून आलं, डावीकडून आलं, ट्रकमधून, टॅक्सीतून. दिसत कुणीच नव्हतं. जसा काही धूरच बोलत होता. आणि देवळात गाऱ्हाणं चालू असताना जसं कुणी कुजबुजतसुद्धा नाही, तसे भोंगे थांबले. एकेक करून इंजिनं बंद व्हायला लागली. शेवटचं माझं काय बोलून झालं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की सगळ्यांचं ‘व्हय महाराजा’ उठलं आणि संपलं, आणि इतकी शांतता झाली की बकऱ्यांच्या गळ्यातली घंटी ऐकू आली.

मग त्या शांततेत, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, उजवीकडून खालून आलं, “व्हय म्हाराजाऽऽ.”

मी टपावरून उडी मारली. बकऱ्यांच्या एका ट्रकच्या मागच्या चाकाला टेकून मिनू बसली होती. फळ्यांच्या फटीतून एका बकरीनं तोंड बाहेर काढलं होतं आणि ही तिला वहिनीची भाकरी भरवत होती. वहिनीनं तिला उचललं तेव्हा ड्रायव्हर खाली उतरला, दाढीवाला, बाहेरगावचा माणूस. चाकाकडे बघून तो खाली बसला. म्हणाला, “मैं तो गिअर डाल चुका था. सब ने बंद किया, मुझे लगा कुछ पूजा चल रहेला है. तो मैंने भी बंद किया.” त्यानं दोन्ही कानांना हात लावले आणि मिनूच्या डोक्यावर हात ठेवला.

दादानं मिनूला आपल्याकडे घेतलं. तो म्हणाला, “परत फिरूया. लक्षण बरं नाही.”

“लक्षण काय असतं अजून?” वहिनी म्हणाली. “देवानं हातात दिली ना? आता अर्ध्यातून फिरून त्याला काय सांगू? गाडी चालू करा.”

दोन दिवसांनी आमच्या अंगणात पालखी आली. वहिनीनं मिनूचं बोट सोडलं, आणि ती मान वर करून पालखीकडे बघत, आपल्या पायांनी खालून पलीकडे गेली. आमच्या गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सगळ्या वाडीचं ‘व्हय महाराजा’ झालं. मी मुद्दाम गप्प राहिलो. मिनूनं सूर लावला तेव्हा तिच्यासोबत म्हटलं.

ते देवानं केलं की आमच्याच माणसांच्या सवयीनं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ती सवय तरी त्यांना कुणी लावली, मला ठाऊक नाही. मी फक्त एवढं सांगतो की त्या दिवशी माझ्याकडचे सगळे आवाज संपले होते, आणि जो उरला तो मी त्याच्या पायावर टाकून दिला. नकला मी अजूनही करतो, पोरं सोडतातच कुठं. जेवायच्या आधी पाटावर उभा राहून गाऱ्हाणंही घालतो. पण मिनूला लवकर म्हणायला शिकवणं मी सोडलं. पप्याचं म्हणून होतं, दादाचं होतं, आमटी गार होत असते. आम्ही सगळे घास हातात धरून थांबतो. तिचं येतं. मग जेवतो.