बाबांना ऐकू येत नाही

बाबांना ऐकू येत नाही, हे घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं. कारखान्यातल्या प्रेसवर त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराला. तो साच्यावर पत्रा ठेवायचा, हात मागे घेऊन "सोड!" म्हणून ओरडायचा आणि मग बाबा पायानं खटका दाबायचे. बाबांचे कान गेल्यावर तो ओरडण्याऐवजी हात वर करू लागला. साहेबाला कळलं तर नोकरी जाणार आणि चिंचवडच्या त्या खोलीत आम्ही उपाशी मरणार, म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

गावठाणात बाबांची ख्याती शिष्ट म्हणून. घरमालकीण मला म्हणायची, "तुझा बा लई ताठ हाय गं. हाक मारली तरी वळून बघत न्हाई." मी मान डोलवायचे. शिष्ट म्हटलेलं आम्हाला परवडत होतं.

मग जोडीदार आजारी पडून गावी गेला. त्याच्या जागी नुकतंच लग्न झालेला एक तरुण आला.

"त्याला तरी सांगा," आई म्हणाली. घरात बाबा आमच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे.

"सांगितलं की दुपारपर्यंत साहेबाला कळेल. मी त्याच्या हातांवर नजर ठेवतो."

"आणि पत्रा अडकला, तो 'थांब' म्हणून ओरडला, तर?"

बाबांनी डबा उचलला आणि ते कामावर निघाले.

आईचं अन्नावरचं मन उडालं. कारखान्याचा भोंगा झाला की तिचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी एका सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन फाटकावर गेली आणि साहेबाला सगळं सांगून आली.

मी खवळले. "परक्या माणसाच्या हातांसाठी आमच्या तोंडचा घास घालवलास!" आजही मला तिचा राग येतो. तिचं बरोबर होतं, याचा जास्त येतो.

बाबा भरदुपारी घरी आले. डबा तसाच भरलेला होता.

"काढून टाकलं," ते म्हणाले. "चुगली कुणी केली?"

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. नेहमीसारखे ओठ सावकाश हलवत, आवाज न काढता म्हणाली, "मी."

"मोठ्यानं बोल. आता लपवायचं कुणापासून?"

"मीच सांगितलं!" आई किंचाळली. आळीतल्या बायका दारात आल्या. "त्या पोराचे हात गेले असते हो! मी काय करू, सांगा ना!"

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले. आई त्यांच्या पाठीशी बोलत राहिली, रडत राहिली. त्यातलं काहीही त्यांना ऐकू येणार नव्हतं.